घर सोडून गेलेला अल्पवयीन मुलगा: आईवडिलांची कायदेशीर जबाबदारी नेमकी कुठवर?

माणदेशी_तंटामुक्त (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गावच्या (सातारा जिल्हा) तंटामुक्ती समितीकडे एक प्रकरण आलंय. नावगाव अर्थातच देत नाही.

मुलगा 16 वर्षे 8 महिन्यांचा. अकरावीला नाव आहे, पण कॉलेजात पाऊल नाही. वडिलांशी भांडण झालं, त्यात त्यांनी हातही उचलला, आणि पोरगा त्यांचीच मोटरसायकल घेऊन निघून गेला. सध्या पिंपरीत गावातल्याच एका 19 वर्षांच्या पोराच्या खोलीवर राहतो आणि एका हॉटेलात कामाला लागलाय. आईला अधूनमधून फोन करतो. परत यायला तयार नाही.

वडील म्हणतात, "पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो आणि पेपरात जाहीर नोटीस देतो, की आजपासून याचा आमचा संबंध नाही. पुढं त्यानं काही केलं तर आम्ही जबाबदार नाही." आईला पोलिसांत जायचंय, पण मुलावर केस होईल म्हणून भिते. खोलीमालकानं वडिलांना फोन करून भाडं मागितलंय, ते वेगळंच.

अशा नोटिशीला काही अर्थ आहे का? मुलगा आपणहून गेला तरी आईवडिलांवर गुन्हा होऊ शकतो का? पोलिसांत द्यायचं तर काय द्यायचं? त्या 19 वर्षांच्या पोराचं काय? आणि भाडं, गाडी, उद्या अपघात झाला तर भरपाई, हे कुणाच्या गळ्यात? जाणकारांनी कलमांसह सांगितलं तर समितीत मांडता येईल.

---

काळाकोट

वडिलांना आधी एवढंच सांगा: पाचशेचा मुद्रांक वाचवा.

अल्पवयीन मुलाशी 'संबंध तोडण्याची' कुठलीही सोय आपल्या कायद्यात नाही. पेपरातली जाहीर नोटीस ही फक्त जाहिरात. पालकत्व त्यानं संपत नाही, पोटगीची जबाबदारी संपत नाही, वडिलोपार्जित मिळकतीतला मुलाचा जन्मसिद्ध हिस्साही जात नाही. वडील फार तर स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र करून त्याला वगळू शकतील, आणि त्यालाही नोटीस लागत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 च्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालकाचा हक्क कधी जातो तेही दिलंय: माणूस हिंदू राहिला नाही तर, किंवा संसाराचा कायमचा त्याग करून वानप्रस्थी अथवा संन्यासी झाला तर. बापाची तेवढी तयारी असेल तर बोला.

उलट ही नोटीस त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकते, ती अशी. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 75 म्हणतं, की मूल ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणात आहे त्यानं त्याला मारहाण केली, टाकून दिलं, छळलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यातून मुलाला अनावश्यक शारीरिक-मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. यात कळीचा शब्द 'जाणूनबुजून'. मुलगा आपणहून गेला, एवढ्यानं आईवडील गुन्हेगार होत नाहीत. पण तो कुठे आहे हे माहीत असून 'मरू दे तिकडे' असं छापील स्वरूपात जाहीर करणं म्हणजे दुर्लक्ष जाणूनबुजून होतं हे स्वतःच लिहून देणं.

मूल टाकून देण्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम 93 लोक इथे उगाच आणतात. ते 12 वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, या मुलाला लागू नाही.

मुलाला खरोखरच सांभाळता येत नसेल तर कायदेशीर वाट एकच, बाल न्याय अधिनियमाचं कलम 35. त्यात आईवडिलांना बालकल्याण समितीपुढे हजर राहून, आपल्या आवाक्याबाहेरची कारणं सांगून मूल समर्पित करावं लागतं. समिती चौकशी आणि समुपदेशन करते, फेरविचाराला दोन महिने देते. 'पोरगं ऐकत नाही' हे कारण तिथे टिकणं कठीण.

पोटगीबद्दल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) सर्व धर्मांना लागू आहे. ऐपत असून अल्पवयीन मुलाला न पोसणाऱ्याविरुद्ध दंडाधिकारी किंवा कुटुंब न्यायालय दरमहा रक्कम ठरवून देऊ शकतं. पत्नी सबळ कारणाशिवाय वेगळी राहिली तर तिची पोटगी अडू शकते, तशी अट मुलाला घातलेली नाही. 'घर सोडून गेला म्हणून एक पैसा देणार नाही' हा बचाव म्हणूनच लंगडा. मुलगा कमावतोय आणि स्वतःचं भागवतोय, हा मुद्दा मात्र रक्कम ठरवताना येऊ शकतो. हिंदूंसाठी 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम 20 आहे, त्यात आईसुद्धा बांधील आहे.

19 वर्षांच्या पोराबद्दल. न्याय संहितेचं कलम 137, म्हणजे कायदेशीर पालकाच्या ताब्यातून मूल घेऊन जाणं किंवा फूस लावणं. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड. जुन्या दंडसंहितेच्या कलम 361 मध्ये मुलासाठी वय 16 आणि मुलीसाठी 18 होतं. 1 जुलै 2024 पासून दोघांनाही 18. त्यामुळे 'मुलगा सोळाच्या वर आहे, किडनॅपिंग होत नाही' हे जुनं ज्ञान आता चालणार नाही. तरीही 'नेणं' आणि 'आलेल्याला राहू देणं' यात फरक आहे. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावरची, समज असलेली व्यक्ती आपणहून निघून आली आणि आरोपीनं तिला घर सोडायला प्रवृत्त केलं नसेल, तर तिला सोबत राहू देणं म्हणजे 'नेणं' नव्हे. या पोरानं आधीपासून 'ये इकडे, काम लावून देतो' असे मेसेज केले असतील तर मात्र चित्र पालटतं. मोबाइल तपासला की ते दिसतंच.

---

माजी_ठाणेअंमलदार

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी ठाण्याच्या काउंटरवर काय होतं ते सांगतो.

अल्पवयीन मूल *बेपत्ता* असेल, म्हणजे ठावठिकाणा माहीत नसेल, तर नुसती मिसिंगची नोंद चालत नाही, गुन्हाच नोंदवावा लागतो. बचपन बचाओ आंदोलन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा 10 मे 2013 चा आदेश आहे: हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून एफआयआर म्हणून घ्यायची. म्हणून आपल्याकडे मूल सापडत नसेल तर अज्ञाताविरुद्ध 137(2) लागतं. चोवीस तास थांबा, नातेवाइकांकडे बघा, मग या, असं कुणी सांगत असेल तर ते चूक. हद्दीचा वादही नको, शून्य क्रमांकानं कुठल्याही ठाण्यात घेता येतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. घेतच नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवा, तरी नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे जातो.

आईची भीती अनाठायी आहे. अपहरणाच्या गुन्ह्यात मूल हे पीडित असतं, आरोपी नाही. त्याच्या नावावर काहीही लागत नाही.

जाताना काय न्यायचं: अलीकडचा फोटो (शाळेच्या ओळखपत्रावरचा सातवीतला नको), जन्मतारखेचा पुरावा, अंगावरचे कपडे, उंची, जन्मखूण, मोबाइल नंबर आणि खोक्यावरचा आयएमईआय, इन्स्टाची आयडी, चार जवळच्या मित्रांचे नंबर, घरातून किती पैसे किंवा दागिने गेले, गाडीचा नंबर. भांडण झालं असेल तर ते जबाबात लिहा. 'काही कारण नसताना गेला' असं लिहून देतात आणि मूल सापडल्यावर पहिल्याच वाक्यात 'बाबांनी पट्ट्यानं मारलं' म्हणतं. मग पूर्ण जबाबावरचाच विश्वास उडतो.

घरचे लोक घाईत आणखी तीन गोष्टी करतात आणि माग पुसतात. सिम वडिलांच्या नावावर असतं म्हणून ते बंद करून डुप्लिकेट काढतात. मग लोकेशन कशाचं घ्यायचं? बँक खातं गोठवतात, मग पैसे कुठल्या गावात काढले ते कळत नाही. आणि मुलाचा फोटो, नाव, घराचा पत्ता टाकून व्हॉट्सअॅपवर फिरवतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करता येत नाही, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. शोधासाठी प्रसिद्धी हवी असेल तर पोलिसांमार्फत करा. मूल घरी आल्यावरही ते मेसेज दोन-दोन वर्षं फिरत राहतात.

प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, सहायक फौजदार दर्जाच्या खालचा नसतो. त्याचं नाव विचारून त्याच्याशीच बोला.

---

माणदेशी_तंटामुक्त

दोघांचेही आभार. पण इथे मुलगा कुठे आहे ते माहीत आहे, आईशी बोलतोय. मग एफआयआर द्यायची की नाही? वडिलांचा कल आता 'त्या 19 वर्षांच्या पोराला अडकवू, म्हणजे आपला आपोआप येईल' असा झालाय.

---

माजी_ठाणेअंमलदार

माझ्या मते लेखी अर्ज तरी द्यावाच. उद्या काही बरंवाईट झालं तर 'तुम्ही काय केलं?' हा पहिला प्रश्न येतो, आणि त्याला पोच घेतलेला कागद हेच उत्तर.

---

काळाकोट

अर्जाला माझा विरोध नाही, 137 ला आहे. पत्ता माहीत असताना 'बेपत्ता' लिहून देणं खोटं ठरतं, 2013 चा आदेश ठावठिकाणा नसलेल्या मुलांसाठी आहे. शिवाय गावातल्या पोरावर अपहरणाचा गुन्हा टाकला की तंटामुक्ती समितीपुढे एकाचे दोन तंटे होतील आणि मुलगा ती खोली सोडून अशा ठिकाणी जाईल जिथला पत्ता खरंच माहीत नसेल. त्या पोरानं फूस लावल्याचा, नशेला लावल्याचा किंवा अडकवून ठेवल्याचा काही पुरावा असेल तर गोष्ट निराळी.

अर्ज साध्या कागदावर द्या: मुलगा अमुक तारखेला रागावून गेला, सध्या अमुक पत्त्यावर राहत असल्याचं समजतं, परत यावा ही आमची इच्छा आहे, त्याचा खर्च करायला आम्ही तयार आहोत, मोटरसायकल क्रमांक अमुक तो आमच्या परवानगीशिवाय घेऊन गेला आहे. एक प्रत आपल्या ठाण्याला, एक बालकल्याण समितीला. दोन्हींवर आवक शिक्का.

---

बालकल्याण_माजी_सदस्य

इथून पुढचं काम बालकल्याण समितीचंच. घरातून पळालेलं मूल हे अधिनियमाच्या कलम 2(14) प्रमाणे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक', म्हणजे ते समितीच्या अखत्यारीत येतं, बाल न्याय मंडळाच्या नाही. लोक दोन्हींत गोंधळ करतात. मंडळ गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, किमान एक महिला, आणि महिन्यात किमान 20 दिवस बैठक.

मुलगा पिंपरीत, त्यामुळे पुणे जिल्ह्याच्या समितीपुढे तो हजर होईल. मुलाचं घर सातारा जिल्ह्यात असल्याचं दिसलं आणि त्याच्या हिताचं वाटलं तर कलम 95 खाली प्रकरण आणि मूल साताऱ्याच्या समितीकडे पाठवता येतं. आईवडिलांनी साताऱ्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज दिला तरी तो पुण्याला कळवला जातो. 1098 या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन केला तरी चालतो. 2023 पासून हा क्रमांक सरकारच चालवतं आणि 112 शी जोडलेला आहे.

मूल ताब्यात घेतल्यावर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे आणायचं असतं. बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढेही आणता येतं. पोलीस साध्या वेशात हवेत, कोठडीत ठेवता येत नाही. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते, त्यासाठी 15 दिवस, आणि पूर्ण चौकशीला चार महिने. तोवर मूल बालगृहात, किंवा 'योग्य व्यक्ती' म्हणून मान्य केलेल्या नातेवाइकाकडे राहू शकतं.

इथे आईवडील दरवेळी अपेक्षाभंगाचा अनुभव घेतात. त्यांना वाटतं, आधार कार्ड दाखवलं की पोरगं हातात मिळेल. समिती मुलाला वेगळं बसवून विचारते, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या म्हणण्याला वजन देते. घरी मारहाण झाल्याचं तो सांगत असेल तर लगेच ताबा मिळणार नाही. वडिलांनी तिथे आवाज चढवला की अहवालात तेच उतरतं. दुसऱ्या बाजूनं, 'घरी जायचं नाही' म्हटलं की मुलाला मोकळं सोडतात असंही नाही. 18 पर्यंत एकटं राहण्याचा परवाना समिती देत नाही. घर, नातेवाईक किंवा संस्था, यांतलं काहीतरी एक ठरतं.

या मुलाबाबत मला सर्वांत व्यवहार्य वाटतो तो मार्ग असा: मामा, आत्या, आजी यांपैकी ज्याच्याशी मुलाचं पटतं त्यानं समितीपुढे तयारी दाखवायची. समिती त्यांना योग्य व्यक्ती म्हणून मान्य करते, अकरावीचा प्रवेश त्या गावात हलवता येतो, वडील खर्च देतात, आणि समुपदेशनाच्या तारखा चालू राहतात. कुटुंबाची ऐपत नसेल तर मिशन वात्सल्य या सरकारी योजनेच्या प्रायोजकत्वातून दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे, पण ती उत्पन्नमर्यादा आणि जिल्ह्याच्या मंजुरीवर अवलंबून, हातात पडायला वेळ लागतो. तिच्यावर हिशेब मांडू नका.

येताना मूळ कागद आणा: मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, दोघांचे आधार, रेशनकार्ड, अर्जांच्या पोचपावत्या. आईनं यावंच. ताबा देताना हमीपत्र लिहून घेतात. पुन्हा मारहाण झाली तर तेच हमीपत्र कलम 75 च्या प्रकरणात समोर येतं.

---

गर्दीतला_एक

हे सगळं कागदावर ठीक. 1098 लावला, दोन माणसं खोलीवर आली, की पोरगा मागच्या दारानं कल्याणला नाहीतर गोव्याला. मग काय?

---

बालकल्याण_माजी_सदस्य

शंका रास्त आहे. म्हणून आधी आईनं किंवा त्या मामानं जाऊन भेटावं, हॉटेलच्या सुट्टीच्या दिवशी, आणि 'घरी चल' न म्हणता 'समितीपुढे तुझं म्हणणं मांड, तिथे बाबा तुला हात लावू शकत नाहीत' असं सांगावं. मूल आपणहूनसुद्धा समितीपुढे येऊ शकतं, कलम 31 मध्ये तशी तरतूद आहे. आपणहून आलेलं मूल सहसा पुन्हा पळत नाही.

आणि जिथे जीवाला धोका, नशा, कर्ज, धमकी किंवा लैंगिक शोषणाचा संशय असेल तिथे ही मुत्सद्देगिरी नको, सरळ 112.

---

म्हापशेकार

गोव्याचा विषय निघाला म्हणून. इथे बाल न्याय अधिनियमाशिवाय स्वतःचा गोवा बाल अधिनियम 2003 आहे. त्यात हॉटेल-लॉजवाल्यांवर बंधन आहे, की कुटुंब किंवा रक्ताच्या नातेवाइकांबरोबर नोंद असल्याशिवाय 18 खालच्या मुलाला खोलीत प्रवेश द्यायचा नाही, आणि जबाबदारी मालक-व्यवस्थापकाची. इकडे पळालेलं मूल असेल तर लॉजच्या नोंदवहीपासून शोध सुरू करा. बाकी रेल्वेनं निघालं असेल तर 139 आणि रेल्वे सुरक्षा दल. मडगाव, थिविम ही स्थानकं आधी.

---

हिशेबनीस

पैशाच्या प्रश्नांकडे कुणी नीट बघितलं नाही, म्हणून लिहितो.

*भाडं.* अज्ञानाशी (म्हणजे अल्पवयीनाशी) केलेला करार मुळातच निरर्थक (करार कायदा कलम 11, 1903 चा मोहरीबीबी निकाल). जीवनावश्यक गोष्टी पुरवल्या असतील तर कलम 68 खाली वसुली होते, पण ती अज्ञानाच्या *मालमत्तेतून*, बापाच्या खिशातून नव्हे. नुसता बाप आहे म्हणून भाडं द्यायला तो बांधील नाही. इथे तर भाडेकरू 19 वर्षांचा पोरगा आहे, मालकानं त्याच्याकडे मागावं. सावधगिरी एकच: वडिलांनी फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर 'मी भरतो, काळजी करू नका' असं लिहू नये. मग तो हमीचा मुद्दा होतो. मुलाला पैसे द्यायचेच असतील तर थेट त्याच्या खात्यात टाकावेत, खर्च केल्याचा पुरावाही राहतो.

*मोटरसायकल.* सगळ्यात मोठा धोका इथे आहे आणि घरच्यांचं लक्षच नाही. मोटार वाहन कायदा, कलम 199अ: अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. गाडी पालकांच्या संमतीनंच वापरली असं न्यायालय गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचं ओझं पालकांवर. गाडी नेली त्या दिवशी 'माहीत नव्हतं' हे खरं असेल. पण त्यानंतर पोरगा पिंपरीत रोज तीच गाडी फिरवतोय हे आई फोनवर ऐकते, तेव्हा तो बचाव कमकुवत होत जातो. अपघात झालाच तर विमा कंपनी तिसऱ्या पक्षाला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते, कारण चालवणाऱ्याकडे परवानाच नव्हता. ती रक्कम लाखांत जाते.

म्हणून बाकी काही होवो न होवो, या आठवड्यात कुणीतरी जाऊन गाडी परत आणा. मुलगा ती देत नसेल तर अर्जात गाडीचा परिच्छेद ठळक लिहा.

*इतर नुकसान.* मुलानं कुणाचं काही फोडलं, कुणाला मारलं, तर केवळ आईबाप म्हणून आपल्याकडे दिवाणी जबाबदारी येत नाही, त्यांचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. फौजदारी गुन्हा झाला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे बाल न्याय अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे मुलाला *किंवा त्याच्या आईवडिलांना* दंड भरायला सांगता येतं, आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडताना बंधपत्रही पालकांकडून घेता येतं.

*हॉटेलची नोकरी.* 14 ते 18 हा 'किशोर' गट, धोकादायक नसलेल्या कामाला बंदी नाही. पण बाल व किशोर कामगार कायद्यात वेळ बांधलेली आहे: सलग तीन तासांनंतर किमान तासाभराची विश्रांती, विश्रांती धरून दिवसाला सहा तास, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक सुट्टी. हॉटेलातली रात्रीची पाळी त्यात कुठेच बसत नाही. पगार अडवून ठेवत असतील तर बाल न्याय अधिनियमाचं कलम 79, पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड. मालकाला हे शांतपणे सांगितलं तर तो स्वतःच मुलाला घरी पाठवायची घाई करतो. उलट त्यामुळे मुलगा एका दिवसात रस्त्यावर येऊ शकतो, म्हणून आधी मामाची तयारी आणि मगच मालकाशी बोलणं, हा क्रम पाळा.

---

माणदेशी_तंटामुक्त

गाडी आणायला उद्याच माणूस पाठवतोय. मामाही तयार आहेत, ते कऱ्हाडला असतात.

आता याच ओघात दुसरं विचारतो. शेजारच्या वाडीतली 17 वर्षांची मुलगी 20 वर्षांच्या मुलाबरोबर गेली होती, सापडली, आता बालगृहात आहे आणि घरी यायला नाही म्हणते. तिच्या घरचे 'ताबा मिळाला की महिन्याभरात दुसरीकडे लग्न लावून देतो' म्हणतात. मुलाकडचे म्हणतात 'आमच्याकडे द्या, सून म्हणून नांदवतो.' दोन्हीकडच्या आईबापांना काय सांगायचं?

---

काळाकोट

दोघांनाही सांगा, की बोलताय ते गुन्ह्याचं नियोजन आहे.

मुलीकडचे: बालविवाह प्रतिबंध कायदा 2006, कलम 11. लग्न ठरवणारे, होऊ देणारे, आणि निष्काळजीपणानं न थांबवणारे आईवडीलसुद्धा यात येतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाईला कैदेची शिक्षा नाही, दंड आहे. लग्न लावणारे भटजी कलम 10 मध्ये. 'तिची चूक झाकायला लग्न' ही सबब कुठेच चालत नाही. आणि हा बेत समितीच्या कानावर गेला की ताबा विसरा.

मुलाकडचे: मुलगी 18 खाली, त्यामुळे तिची संमती पॉक्सोमध्ये, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, मोजलीच जात नाही. त्यांच्या मुलावर 137 आणि पॉक्सो दोन्ही असणार किंवा लागणार. लग्न झालं असेल तर, पालकांच्या ताब्यातून नेलेल्या अल्पवयीन मुलीचं लग्न 2006 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मुळातच रद्दबातल. मुलगा 20 चा, त्याचं वयही 21 भरलेलं नाही. त्यांनी तिला 'नांदवायला' ठेवून घेतलं तर तेही आरोपींच्या यादीत जातील. लैंगिक संबंधाची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोच्या कलम 19 व 21 खाली वेगळा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत. हे दोन्हीकडच्या नातेवाइकांना, आणि तंटामुक्ती समितीलाही लागू. असं प्रकरण गावात 'मिटवायला' बसू नका.

मुलीचा दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 183) झाला नसेल तर होईल. घरी जायचं नाही असं ती सांगत असेल, तर समिती तिला 18 पूर्ण होईपर्यंत बालगृहात ठेवू शकते. आईवडिलांना भेटीची परवानगी मागता येते. ती मागावी, आणि शिक्षणाचा खर्च देऊ असं लेखी द्यावं. पालक व पाल्य कायदा 1890 च्या कलम 25 खाली ताब्याचा अर्ज करावा का, असं काही जण विचारतील. सतराव्या वर्षी नको. निकाल लागेपर्यंत ती सज्ञान होते, आणि समजत्या वयाच्या पाल्याची पसंती न्यायालय तिथेही विचारात घेतं. देहोपस्थितीची याचिका (हेबियस कॉर्पस, माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी) फक्त बेकायदा अडकवून ठेवल्याचा संशय असेल तर. साताऱ्यासाठी ती आता मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे, 18 ऑगस्ट 2025 पासून.

वयाचा वाद निघणारच. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 चा क्रम पक्का आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. आधार कार्डावरची तारीख वयाचा पुरावा धरता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये सांगितलंय. पहिलीत नाव घालताना वर्ष वाढवून लिहिलेलं असतं, आणि मग मुलगी कागदावर 18 ची, खरी 17 ची निघते. दाखला आणि जन्मनोंद आत्ताच जुळवून बघा.

---

माजी_ठाणेअंमलदार

एक पुरवणी, 18 नंतरची. त्या दिवशी मध्यरात्रीपासून पालकांचा ताबा संपतो. मग 137 लागत नाही, फक्त मिसिंग नोंद होते. व्यक्ती सापडली, 'मी स्वखुशीनं राहतो' असा जबाब दिला, की नोंद बंद. पत्ता पालकांना सांगू नका असं ती म्हणाली तर आम्ही सांगत नाही.

---

काळाकोट

आणि पोटगी? सज्ञान, धडधाकट मुलाची 144 खाली संपते. अविवाहित मुलगी स्वतःचं भागवू शकत नसेल तर दत्तक व निर्वाह कायद्याच्या 20(3) खाली पुढेही मागू शकते, 2020 च्या अभिलाषा निकालात हे स्पष्ट झालंय, पण त्यासाठी वेगळा दावा लागतो. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना बाल न्याय अधिनियमाच्या कलम 46 खाली आर्थिक मदत आणि 21 पर्यंत अनुरक्षणाची (बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची) सोय आहे, वाडीतल्या मुलीसाठी तिचा अर्ज अठरावा वाढदिवस यायच्या आधीच जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे गेला पाहिजे.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी 15100.